तपासणं आणि बोलावणं

पायांत चपला असतील तर काढून ठेवा. तळवे जमिनीला सपाट टेकू द्या. हे वाचन सावकाश करायचं आहे. एखाद्या ओळीपाशी मन रेंगाळलं तर रेंगाळू द्या. पुढचा मजकूर कुठे पळून जात नाही.

आज मन ठेवायचं आहे ते एका साध्या दृश्यावर. दोन झाडं, त्यांच्यामध्ये गुडघ्याच्या जरा वर ताणलेली तीन बोटं रुंद पट्टी आणि तिच्यावरून अनवाणी चालू पाहणारी माणसं. ही स्लॅकलाइन. कुणीतरी सुटीच्या सकाळी मैदानात ती लावतं, येणारे-जाणारे थबकतात, एखादा चढून पाहतो, बाकीचे थोडा वेळ बघून निघून जातात. या मैदानावर एक गट उभा राहावा, त्यात कुणाला इजा होऊ नये आणि कुणालाही परकं वाटू नये, अशी इच्छा तुमच्या मनात आहे असं समजू या.

या इच्छेचे दोन भाग आपण सहसा वेगळे काढतो. सुरक्षितता म्हटलं की नियम, मनाई आणि कडक आवाज आठवतो. स्वागत म्हटलं की हसरा चेहरा आणि ‘या ना, बसा’ आठवतं. मग एकाकडे नियम सोपवतो, दुसऱ्याकडे पाहुणचार. आज या दोन्हींकडे एकत्र पाहू. साहित्य तपासणं आणि माणसाला बोलावणं ही मुळात एकाच लक्षाची दोन कामं आहेत का, हे स्वतःच्या मनाशी पडताळून पाहू.

एक बोट

आता उठा आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. तोल जाण्याची भीती असेल तर खुर्चीची पाठ धरा, किंवा बसूनच पुढचं नुसतं वाचा. एक पाय किंचित उचला.

दुसऱ्या पायाच्या घोट्याकडे लक्ष न्या. बाहेरून तुम्ही स्थिर दिसता, पण घोटा स्वस्थ नाही. अंगठा दाबतोय, टाचेवरचा भार सरकतोय, पोटरी क्षणाक्षणाला आवळतेय आणि सैल होतेय. श्वास रोखला गेला असेल तर सोडा.

आता एका बोटाचं टोक भिंतीला लावा. टेकू नका, रेलू नका. भिंतीवरची धूळही पुसली जाणार नाही इतकं हलकं लावा. काय बदललं? बहुतेकांचं अंग लगेच थोडं निवतं. १९९४ साली जेका आणि लॅकनर या संशोधकांनी हेच मोजून दाखवलं. बोटाच्या टोकाचा दाब १०० ग्रॅम वजनापेक्षाही कमी होता, म्हणजे शरीराला आधार मिळावा इतका जोर त्यात नव्हताच. तरी उभ्या माणसाचं डोलणं कमी झालं. त्या स्पर्शातून शरीराला आपण कुठे आहोत, किती कललो आहोत, याची खबर मिळत राहते.

पाय खाली ठेवा, बसा. बोटाचा तो अनुभव मनात राहू द्या. नवख्या माणसाला गटाकडून मुख्यतः हीच खबर हवी असते: मी कुठे आहे, इथे काय चाललंय, मी पडलो तर काय होईल. ती मिळाली की तो स्वतःचा तोल स्वतः शोधतो. पुढे जे काही पाहायचं आहे ते सगळं या खबरीबद्दलच आहे.

झाड

मैदान डोळ्यांसमोर आणा. सकाळचे सात वाजलेत, गवत ओलं आहे. ट्रॅकवर चालणारे चालताहेत, कोपऱ्यात हास्यक्लब रंगात आलाय. तुमच्या खांद्यावर पिशवी आहे. तिच्यात वेबिंग म्हणजे ती पट्टी, ती आवळायचं रॅचेट, खोडाभोवती घालायचे दोन गोल स्लिंग, जोडायची पिनवाली कडी म्हणजे शॅकल, आणि गोणपाटाचे चार तुकडे आहेत. पिशवी खाली ठेवा, उघडू नका. आधी झाडापाशी जा.

गुलमोहराची सावली छान असते, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. पावसाळ्यात शहरात जी झाडं उन्मळून पडतात त्यांत तो हमखास असतो. त्याला सोडा. कडुलिंब, चिंच, आंबा, करंज असं एखादं जुनं, ठणठणीत झाड पाहा. खोडाचा व्यास ३० सेंटिमीटरच्या आत असेल तर त्यालाही सोडा. हात ठेवून खोडाभोवती एक पूर्ण फेरी मारा. वर पाहा: वाळलेली फांदी, मधमाश्यांचं पोळं, संक्रांतीपासून अडकून राहिलेला नायलॉनचा मांजा. खाली पाहा: बुंध्याशी साचलेला पोखरल्याचा भुसा, अळंबी, साल सुटलेली जागा. रात्रभर पाऊस झाला असेल तर मुळांभोवतीची माती पायाने दाबून पाहा.

सालीच्या आत लगेच जिवंत थर असतो. पानांत तयार झालेलं अन्न तिथूनच मुळांकडे उतरतं. ताणलेली पट्टी त्या सालीवर घासत राहिली तर झाडाच्या अन्नाच्या वाटेलाच इजा होते. म्हणून गोणपाट. गोव्याच्या किनाऱ्यावर माडांना लाइन बांधलेली दिसते, तिथे जास्तच जपायला हवं. जखम भरून काढणारा थर माडाच्या खोडात नसतो, त्यामुळे एकदा पडलेला व्रण माड जगेल तोवर राहतो. शिवाय लाइनच्या बरोबर वर नारळ लटकत असतात.

आता माळीकाकांकडे वळा. ते पाइप गुंडाळत असतील. ‘काका, इथं लाइन लावली तर चालेल का? झाडाला काही होऊ देणार नाही.’ हे विचारणं कायद्यालाही धरून आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. पण त्याहून मोठं कारण आहे. कुठल्या झाडाला गेल्या वर्षी कीड लागली, गवताखालून पाण्याची नळी कुठून गेलीय, क्रिकेटचा बॉल कुठवर येतो, हे काकांइतकं कुणालाच माहीत नसतं. परवानगी मागायला गेलात आणि तपासणीतला सर्वांत जाणता माणूस भेटला. ते अजून ‘हो’ म्हणायचे आहेत, तेवढ्यात गटाचे झाले आहेत.

जरा थांबा. तुमच्या मैदानावर असे कोण काका, कोण मावशी आहेत ज्यांच्याशी आजवर फक्त सुटका करून घेण्यापुरतं बोलणं झालंय? एक चेहरा आठवा.

आता गोणपाट. तुम्ही ते खोडाभोवती गुंडाळताय आणि दोन पावलांवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बोटं तोंडात घालून बघतेय. तुमचे हात सराईत आहेत. एकट्याने हे काम मिनिटभरात होतं. तिला म्हणा, ‘ये गं, हे टोक धर जरा.’ ती धरते. गोणपाटाचा खरखरीतपणा तिच्या तळहाताला लागतो. ‘हे कशाला?’ ती विचारते. ‘झाडाला काचू नये म्हणून. बघ, कुठे उघडं राहिलंय का?’ ती वाकून बघते, बोट फिरवते आणि मागच्या बाजूला दोन इंचांची फट दाखवते. फट खरोखरच राहिलेली असते. तुम्ही गोणपाट सरकवता.

एवढ्यात काय काय झालं, ते सावकाश मोजून पाहा. झाड वाचलं. फट सापडली. आणि एक मुलगी, जिला लाइनवर चढायची अजून हिंमतही झालेली नाही, ती या कामात सामील झाली. तुम्ही तिला बोलावलं तो क्षण कुठला आणि तपासणी झाली तो क्षण कुठला, हे वेगळं काढता येतं का?

ताण

आता एका आकड्याशी थोडा वेळ बसू. आकडाही मननाला चालतो.

८ मीटरची लाइन घ्या. मधोमध ७० किलोचा माणूस उभा आहे आणि त्याच्या वजनाने लाइन ४० सेंटिमीटर झुकली आहे. अशा वेळी प्रत्येक झाडावर किती ओढ येते? सुमारे ३५० किलो वजनाइतकी. लाइन आणखी आवळली आणि झोळ निम्मा, म्हणजे २० सेंटिमीटर झाला, तर तीच ओढ ७०० किलोवर जाते. माणूस तोच, वजन तेच. लाइन जितकी सपाट तितका झाडांवर आणि साहित्यावर भार जास्त. त्यावर कुणी उड्या मारू लागलं तर आणखी वाढ.

एवढा ताण समोर असतो आणि डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. पट्टी निरुपद्रवी दिसते. म्हणूनच ज्याला हे माहीत आहे त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी येते. साहित्य तुटलं तर ते लाइनच्याच रेषेत उडतं, म्हणून अँकरच्या, म्हणजे लाइन बांधलेल्या झाडाच्या मागे, सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर घर्षणाने तापून वितळतात, म्हणून पट्टीवर पट्टी घासू द्यायची नाही. उन्हाने वेबिंग हळूहळू कमजोर होतं, म्हणून काम झालं की ते सावलीत. प्रत्येक नियमाला त्याचं कारण जोडून सांगा. नुसता ‘मागे व्हा!’ असा आवाज आला की माणूस ओशाळतो. कारण कळलं की तोच माणूस पुढच्याला समजावून सांगतो.

तपासणी मोठ्याने होऊ द्या. बोट ठेवून, नाव घेऊन. ‘खोड ठीक. गोणपाट ठीक. स्लिंग ठीक. शॅकलची पिन पूर्ण आवळली. रॅचेट बंद. पट्टीला पीळ नाही, कडा शाबूत.’ दोघांनी दोन टोकांपासून सुरुवात करायची, मग टोकं बदलून पुन्हा. दुसरा तपासणारा शक्यतो गटातला सर्वांत नवा माणूस असू द्या. त्याला सगळं कळतं म्हणून त्याला उभं करायचं नाही. त्याने विचारावं म्हणून करायचं. ‘ही पिन अशीच असते का?’ असं त्याने विचारलं आणि दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस पुन्हा वाकून पाहू लागला, तर त्या वाकण्यातून सगळ्या गटाला जे कळतं ते कुठल्याही फलकावर लिहून कळणार नाही.

इथे मनाशी एक अवघड प्रश्न घ्या. तुमच्या गटात असा कुणी आहे का, ज्याने बांधलेली गाठ तपासायला इतरांना संकोच वाटतो? तो सर्वांत कुशल असेल, सर्वांत उदारही असेल. पण जिथे विचारायची चोरी आहे तिथेच चूक लपून राहते. आणि ज्याला विचारता येत नाही, त्याच्या आसपास नवखा माणूस कायमचा पाहुणाच राहतो. धोका आणि परकेपणा एकाच जागी मुक्काम करतात.

म्हणून एक नियम सगळ्यांसाठी: ‘थांबा’ हा शब्द कुणीही उच्चारू शकतो. दहा वर्षांच्या मुलानेही. तो ऐकला की आधी सगळे लाइनवरून उतरणार, मग काय झालं ते बघणार. विचारणाऱ्याची शंका फुकट गेली तर त्याचे आभार मानायचे, थट्टा नाही.

रिंगण

मराठी माणसाने दोरीवरची चाल पाहिली की त्याला डोंबाऱ्याचा खेळ आठवतो. ढोलकीचा ठेका, बांबूच्या कैच्यांवर ताणलेली दोरी, हातात काठी घेऊन चालणारी एक लहान मुलगी आणि भोवती माणसांचं रिंगण. ते कौशल्य पिढ्यान् पिढ्या घासून आलेलं होतं आणि त्यावर घरं चालत होती. त्या कलेपुढे मान झुकवूनच त्या रिंगणाकडे पाहू या. रिंगण लांब उभं राहायचं. दोरी कुणी बांधली, मुलगी पडली तर काय, हे त्यातलं कुणी विचारत नसे. तिच्याजवळ कुणी जात नसे आणि आपल्या मुलांनाही कुणी पुढे करत नसे. टाळ्या आणि नाणी होती, सोबत नव्हती.

दुसरं रिंगण अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत कॅम्प ४ नावाचा गिर्यारोहकांचा तळ आहे. गिर्यारोहणाच्या इतिहासातलं स्थान लक्षात घेऊन २००३ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. चढाई नसलेल्या दिवशी तिथली मंडळी वाहनतळाभोवतीच्या साखळ्यांवर, सैल दोरांवर तोल साधत बसायची. ॲडम ग्रोसोव्स्की आणि जेफ एलिंग्टन या दोघा तरुणांनी १९८०च्या सुमारास चढाईचं वेबिंग ताणून त्यावर चालण्याचा ध्यास घेतला आणि आजची स्लॅकलाइन आकाराला आली. १९८५ साली स्कॉट बालकम याने तिथल्याच लॉस्ट ॲरो स्पायर या सुळक्यापर्यंत उंच लाइनवरून चालून दाखवलं. या रिंगणात प्रेक्षक असे वेगळे नव्हते. जो बसून बघत होता त्याचीच पुढची पाळी होती. एकमेकांची गाठ बघून घ्यायची चढाईतली सवय त्यांच्याबरोबर लाइनपाशीही आली.

पण त्या तळावर मुख्यतः तरुण पुरुष होते, आठवडेच्या आठवडे डोंगरात राहू शकणारे. तुमचं मैदान तसं नाही. इथे शाळकरी मुलं आहेत, गुडघेदुखीवाल्या आजी आहेत, कामावर जाताना पाच मिनिटं थांबणारा डिलिव्हरीवाला आहे, आपल्याला इथे चालेल का असा अंदाज घेत कडेला उभी राहिलेली मुलगी आहे. कॅम्प ४ला जे आपोआप मिळालं ते इथे ठरवून करावं लागतं.

तुमच्या लाइनभोवतीचं रिंगण मनात आणा. ते किती पावलं लांब उभं आहे?

थरथर

त्या रिंगणातून एक ताई पुढे येतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, पंजाबी ड्रेस, पायात चालायचे बूट. ‘मला जमेल का हो?’ त्या विचारतात, आणि उत्तर ऐकायच्या आधीच मागे सरकतात.

बूट काढून त्या एक पाय लाइनवर ठेवतात, भार देतात. आणि पाय थरथरायला लागतो. डावी-उजवीकडे, जोरात, त्यांच्या ताब्याबाहेर. त्या हसतात. ‘मी फार घाबरट आहे बाई.’

या हसण्यापाशी थांबा. इतकी वर्षं ज्यांना आपलं शरीर कुणासमोर धडपडू द्यायची सवय नाही त्यांचं ते हसणं आहे. इथे धीर देणारे शब्द पुरत नाहीत, माहिती पुरते. लाइन एका बाजूला हलते, पायातून पाठीच्या कण्याकडे संदेश जातो, तिथून स्नायूला हुकूम येतो, पण तोवर लाइन दुसरीकडे गेलेली असते. दुरुस्ती उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त होते, मग तिचीही दुरुस्ती. ती थरथर म्हणजे हेच. २०१२ साली केलर, टाउबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्लॅकलाइनचा सराव केलेल्यांच्या पायातली ही प्रतिक्षिप्त क्रिया सरावानंतर मंदावलेली आढळली. शरीर उतावीळपणा सोडायला शिकतं.

‘ताई, हे घाबरल्यामुळे नाही. सगळ्यांचा पाय असाच थरथरतो. पाय शिकतोय.’

त्यांचा चेहरा कसा बदलतो ते मनात पाहा. आणि हेही पाहा की ही खरी माहिती आहे, समजूत नव्हे. ज्याला विषय नीट कळतो तोच नेमका धीर देऊ शकतो.

मग सूचना, एका वेळी एक. नजर समोरच्या झाडावर, खाली पायाकडे नाही. गुडघा किंचित वाकलेला. हात खांद्यांच्या वर. श्वास चालू. आणि सूचना देणारा आवाजही एकच. चार जाणकार चार बाजूंनी बोलू लागले की नवख्याचं लक्ष फाटतं आणि तो पडतो. बाकीच्यांसाठी गप्प राहणं हे त्या क्षणी सुरक्षेचंच काम आहे.

खांदा

आता सोबतीकडे या. ताई लाइनवर उभ्या राहणार आहेत, तुम्ही बाजूने चालणार आहात. तुमचा हात कुठे आहे?

घट्ट मनगट धरलं तर त्यांचा तोल तुमच्या हातात येतो. तुम्ही जरा पुढे गेलात की त्या ओढल्या जातात. पडताना सुटता येत नाही, खांदा पिळवटतो. कमरेला हात लावला तर त्या अवघडतील आणि पुन्हा येणार नाहीत. म्हणून आधी विचारा: ‘हात देऊ, की खांदा धरता?’ त्यांनी खांदा म्हटलं तर लाइनच्या शेजारी उभे राहा आणि त्यांचा तळहात तुमच्या खांद्यावर वरून येऊ द्या. असं धरलं की कधी दाबायचं, कधी नुसता स्पर्श ठेवायचा आणि कधी सोडायचं हे त्यांच्याकडे राहतं. तीन पावलांनंतर तळहात हलका होतो. मग चार बोटं. मग एक.

भिंतीवरचं तुमचं बोट आठवलं का? ते इथे काम करतंय. सोबत करणाऱ्याने फक्त त्यांच्या गतीने चालायचं आणि खांदा हलू द्यायचा नाही. पडण्यातून वाचवणारी पकड आणि मान राखणारी पकड एकच निघाली, हे लक्षात घ्या.

असंच विचारणं इतर ठिकाणीही न्या. ओढणी किंवा लांब टोक असेल तर आधी खोचून घ्यायला सांगा. मूल असेल तर पालकांना विचारा आणि मुलालाही विचारा. मोबाइल काढण्याआधी विचारा, कारण धडपडीचा व्हिडिओ निघेल या भीतीनेच कित्येक जण कडेला उभे राहतात. आणि कुणी ‘नको’ म्हटलं तर ‘अहो, काही होत नाही’ म्हणून पुढे ढकलू नका. ‘बरं, बसा इथे, गोणपाटाकडे लक्ष ठेवा’ म्हणा. नकार दिल्यावरही जागा टिकते, हे ज्याने पाहिलं तो कदाचित पुढच्या वेळी चढेल. नाही चढला तरी तो गटातच आहे.

पडणं

२०२४च्या जुलैत एस्टोनियाचा यान रूझ हा स्लॅकलाइनर इटलीतल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीवरून चालला. साडेतीन किलोमीटरहून अधिक लांब लाइन, खाली समुद्र. जवळजवळ तीन तास चालल्यावर, शेवट सुमारे ८० मीटरवर असताना तो पडला. हार्नेसला बांधलेल्या लीशने, म्हणजे सुरक्षेच्या दोराने, त्याला धरलं. विक्रम हुकला. तो पुन्हा लाइनवर चढला आणि राहिलेलं अंतर चालून पलीकडे पोचला.

मैदानावरच्या पडण्याकडे या पडण्याच्या उजेडात पाहा. इतका तयारीचा माणूसही पडतो. पडणं गृहीत धरूनच लीश बांधलेली होती, म्हणूनच तो उठून पुढे गेला. मैदानावर तुमचं गृहीत धरणं म्हणजे लाइन खाली ठेवणं, दोन्ही बाजूंची दोन-दोन मीटर जागा दगड, बाटल्या, पिशव्या हटवून मोकळी करणं, आणि चालण्याच्या आधी उतरणं शिकवणं. तोल गेला की लाइनला चिकटून राहायचं नाही. नजर जिथे उतरायचं तिथे टाकून, गुडघे सैल ठेवून बाजूला पाऊल टाकायचं. इथल्या दुखापती बहुधा घोट्याच्या आणि मनगटाच्या असतात, आणि पडता पडता पट्टीवरच जीव अडकवल्याने होतात. मैदानाजवळचा दवाखाना कुठला, १०८ला फोन केला तर रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येईल, हे गटातल्या निदान दोघांना तोंडपाठ असू द्या.

कुणी पडलं की काय होतं? हशा होतो का? सगळे धावून अंगावर येतात का? तुमचा गट मनात आणा. ‘ठीक ना?’ एवढंच विचारावं आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबावं. ‘ठीक आहे’ हे शब्द माणसं शरमेपोटीही म्हणतात, म्हणून कानांबरोबर डोळ्यांनीही ऐकावं.

याच ठिकाणी उंचीचाही विचार येतो. मैदानावर चार महिन्यांत रमलेला एखादा मुलगा सह्याद्रीच्या कड्यावर लाइन लावायची स्वप्नं पाहू लागतो. ती पाहू द्या. पण अशा उंचावरच्या लाइनचं, म्हणजे हायलाइनचं, शास्त्र वेगळं आहे: मुख्य लाइनखाली स्वतंत्र बॅकअप, हार्नेस, लीश, लीशची गाठ दुसऱ्याने तपासलेली, कातळातले अँकर जाणत्यांनी लावलेले, आणि कपारीत आग्या मोहोळ नाही याची खात्री. त्या मुलाला ‘अजून नाही’ असं प्रेमाने आणि स्पष्ट सांगता येणं ही गटाची कसोटी आहे. त्याचा उत्साह जपायचा असेल तर जाणत्या माणसाशी त्याची गाठ घालून द्या.

आवरणं

ऊन चढलंय. आता लाइन उतरवायची वेळ झाली. लाइनवर कुणी नाही, रेषेत कुणी नाही, मग ताण सोडा. गोणपाट काढून सालीवरून हात फिरवा. काही खरचटलं असेल तर पुढच्या आठवड्यात त्या झाडाला विश्रांती. लाइन तशीच सोडून चहाला जायचं नाही; संधिप्रकाशात धावणाऱ्या मुलाला किंवा सायकलवाल्याला ती दिसत नाही, आणि तो तर या गटात आलेलाही नसतो. न आलेल्यांची काळजी हाही स्वागताचाच भाग आहे.

मग पाच मिनिटं गोल करून बसा. एकच प्रश्न: आज काय होता होता राहिलं? आंतरराष्ट्रीय स्लॅकलाइन असोसिएशन ही २०१५ साली स्थापन झालेली संघटना जगभरातल्या अशा प्रसंगांच्या नोंदी गोळा करते, ते शिकण्यासाठी. तुमच्या गोलातही कुणाचं चुकलं हे विचारायचं नाही, काय झालं एवढंच विचारायचं. ‘पाळी लवकर मिळेना म्हणून मुलं दुसऱ्या टोकाने चढत होती.’ म्हणजे पुढच्या वेळी मुलांसाठी वेगळी छोटी लाइन. ‘सगळं इंग्रजीत चाललं होतं, मला कळलं नाही.’ म्हणजे सूचना मराठीत, हिंदीत. पाहा, पहिली अडचण सुरक्षेची की सामावून घेण्याची? दुसरी? वेगळं सांगता येणार नाही.

आता वाचन संपवण्याआधी तळव्यांकडे पुन्हा लक्ष द्या, दोन-तीन श्वास घ्या, आणि एक लहान संकल्प करा. पुढच्या रविवारी कडेला उभ्या असलेल्या एका माणसाला तपासणीच्या वेळी जवळ बोलवा. लाइनवर चढण्याचा आग्रह धरू नका. शॅकलच्या पिनवर बोट ठेवायला सांगा, ती का आवळायची ते सांगा, आणि पुढच्या आठवड्याचं दुसऱ्या टोकाचं काम त्या माणसाच्या नावावर करा. काही महिन्यांनी तीच व्यक्ती तुम्ही बांधलेल्या टोकाकडे बघून सगळ्यांसमोर ‘थांबा’ म्हणेल, आणि तुम्ही क्षणाचाही विचार न करता थांबाल. गट उभा राहिला, असं त्या दिवशी खात्रीने म्हणा.